तुझ्यावाचून कुणाचं काम अडतं?

पत्र थोडक्यात: सांख्यिकीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते. पदवी हातात यायला सव्वा वर्ष उरलंय. गुण चांगले आहेत, पण बायोडेटात ‘अनुभव’ या रकान्यात लिहायला काही नाही. तीन महिन्यांत चाळीस ठिकाणी इंटर्नशिपसाठी अर्ज केले. दोन ठिकाणांहून नकार आला, बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. वर्गातल्या तिघींना मोठ्या कंपन्यांत संधी मिळाली. त्यांच्या ओळखी आहेत आणि आपल्या नाहीत, असं तिला वाटतं. आता एक संस्था दोन महिन्यांची घरबसल्या इंटर्नशिप आणि प्रमाणपत्र द्यायला तयार आहे, पण त्यासाठी नोंदणी शुल्क मागते आहे. घरखर्चाला हातभार म्हणून ही मुलगी दीड वर्षापासून आठवड्याचे सहा दिवस, संध्याकाळी तीन तास, एका औषधांच्या दुकानात बिलं करते आणि माल लावते. हे तिनं बायोडेटात लिहिलेलं नाही, मैत्रिणींनाही सांगितलेलं नाही. ती विचारते: पैसे भरून ती इंटर्नशिप घेऊ का? आणि ‘खऱ्या’ अनुभवासाठी वेळ मिळावा म्हणून दुकान सोडू का?

प्रिय मुली,

पैशांचा प्रश्न आधी घेते, कारण त्या संस्थेनं तुला शुल्क भरायची शेवटची तारीख दिली असणार आणि ती जवळच आली असणार. भरू नकोस.

काम करून घेणाऱ्यानं काम करणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या करारातही खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असं सातव्या कलमात म्हटलंय. अपवादांची सोय आहे, पण ती मर्यादित. तो करार नोकरी मिळवून देणाऱ्या मध्यस्थांबद्दल आहे हे खरं, तरी त्यामागचा विचार तुझ्या बाबतीतही तोच. शिकवणीची फी देणं वेगळं. अभ्यासक्रम चांगला असेल, शिकवणारा कोण हे माहीत असेल, तर जरूर द्यावी. पण मग तो अभ्यासक्रम झाला आणि बायोडेटात तो ‘शिक्षण’ या रकान्यात जातो. पैसे भरून मिळालेला कागद ‘अनुभव’ म्हणून पुढे केलास, तर त्यावर पहिला प्रश्न विचारला जाईल तेव्हा अडचण तुझी होईल, त्या संस्थेची नाही.

तरी मन मानत नसेल तर त्यांना दोन गोष्टी विचार. माझं काम दर आठवड्याला कोण तपासणार, त्या व्यक्तीचं नाव काय? आणि मी केलेलं काम तुमच्याकडे पुढे कोण वापरणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. तुझं काम कुणीच वापरणार नसेल, तर ती इंटर्नशिप नाही, गृहपाठ आहे.

हे मी स्वतः सोसलंय. विद्यार्थिनी असताना मी एका कार्यालयात दोन महिने जात होते. बसायला खुर्ची मिळाली, ओळखपत्र मिळालं, शेवटी छान छापलेलं प्रमाणपत्रही मिळालं. काम मात्र कुणी दिलं नाही आणि मागायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. पुढे पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी ते प्रमाणपत्र बाजूला ठेवून विचारलं, “तिथे तुम्ही एक दिवस गेला नसता तर काय अडलं असतं?” मी खरं उत्तर दिलं: काहीच नाही. ती नोकरी गेली. त्या प्रश्नाचा मला बरेच दिवस राग होता. आता मात्र कुणी विद्यार्थी अनुभवाबद्दल विचारायला आला की मी त्याला तोच प्रश्न विचारते.

तो आता तुलाही विचारते. तू एक संध्याकाळ दुकानात गेली नाहीस तर काय होतं?

तूच लिहिलंयस. बिलांची रांग लागते, आलेला माल खोक्यातच राहतो, मुदत संपत आलेली औषधं मागच्या फळीवर पडून राहतात आणि मालकांना रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं. हे सगळं लिहून झाल्यावर लगेच पुढच्या ओळीत तू म्हणतेस, “पण हे काही सांगण्यासारखं नाही.” तुझ्या पत्रातलं मला न पटलेलं वाक्य हेच. अनुभव म्हणजे ज्याला काचेची इमारत, मोठं नाव आणि गळ्यात पट्टा असतो तो, हे तू धरून चालली आहेस. मला वाटतं, तू केलेल्या कामावर दुसरं कुणी विसंबून असेल, ते चुकलं तर कुणाचा खोळंबा होत असेल आणि चूक कुणीतरी तुझ्या लक्षात आणून देत असेल, तर तो अनुभव. या मोजमापानं तुझ्याकडे दीड वर्षाचा अनुभव आहे आणि तो तू लपवून ठेवला आहेस.

हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. शिक्षण आणि नोकरी एकमेकांत गुंफण्याची जी पद्धत आज कितीतरी विद्यापीठांत आहे, तिचा उगम अशाच एका निरीक्षणात आहे. हर्मन श्नायडर नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात होते. तिथून बाहेर पडलेल्या आणि पुढे नाव कमावलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहताना त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी शिकता शिकता पोटासाठी काम केलं होतं. गरजेपोटी केलेलं काम शिक्षणाच्या आड आलं नव्हतं, उलट उपयोगीच पडलं होतं. मग १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात त्यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग सुरू केला: एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठानं १९५७ मध्ये आपली पहिली तुकडीच या पद्धतीनं घेतली. म्हणजे बघ, ज्या गोष्टीची तुला लाज वाटते, ती पाहूनच एका शिक्षकानं आख्खा अभ्यासक्रम बांधला.

आता तू म्हणशील, कारखान्यातला अभियंता ठीक आहे, पण सांख्यिकीच्या विद्यार्थिनीला औषधांच्या दुकानात काय मिळणार? या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या विषयासाठी त्याहून चांगली जागा मला सुचत नाही.

दुकानात रोज एक प्रश्न उभा असतो: कोणतं औषध किती उरलं की नवं मागवायचं? तुझे मालक तो अंदाजानं सोडवत असतील आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तो अंदाज बहुतेक वेळा बरोबरही येत असेल. पण अधूनमधून एखादी गोळी संपते आणि गिऱ्हाईक परत जातं, तर दुसरीकडे एखादं औषध मुदत संपेपर्यंत पडून राहतं. तू आठ आठवड्यांची विक्री घे, फक्त वीस औषधांची. समज, एका गोळीच्या रोज सरासरी ६ पट्ट्या जातात आणि मागणी नोंदवल्यापासून माल यायला ३ दिवस लागतात. म्हणजे माल येईपर्यंत १८ पट्ट्या लागणार. पण सगळे दिवस सारखे नसतात. रोजच्या विक्रीचं प्रमाण विचलन, म्हणजे रोजचा आकडा सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातो ते माप, ३ असेल आणि एका दिवसाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही असं धरलं, तर तीन दिवसांचं विचलन ३ गुणिले ३ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ५.२. शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा असं वाटत असेल तर त्याला १.६५ नं गुणायचं. आले साडेआठ, धर ९. अठरा आणि नऊ, सत्तावीस. फळीवर २७ पट्ट्या उरल्या की मागवायचं. हे तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलंच गणित आहे, त्यात नवं काही नाही.

नवं पुढे येतं. आकडे मांडायला बसलीस की तुला काही दिवसांची विक्री शून्य दिसेल. त्यातल्या काही दिवशी खरंच कुणी मागितलं नसेल. पण काही दिवशी ती गोळी दुकानात संपलेली असेल. मागायला चार जण आले आणि परत गेले, वहीत मात्र शून्य पडलं. दोन्ही शून्यं दिसायला सारखी, अर्थ मात्र उलटे. ती ओळखली नाहीस तर तुझी सरासरी खाली येईल, तू कमी माल मागवायला सांगशील आणि गोळी आणखी वारंवार संपेल. वर्गात किंवा स्पर्धांसाठी मिळणारी माहिती कुणीतरी आधी चाळून, निवडून दिलेली असते. हा खडा तिथे सहसा दाताखाली येत नाही. काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीला तो लगेच कळतो, कारण परत गेलेली ती चार माणसं तिनं डोळ्यांनी पाहिलेली असतात.

मुलाखतीत तू हा एवढा एकच प्रसंग नीट सांगितलास तरी समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसेल.

यात एक पथ्य पाळायचं. मालकांना विचारल्याशिवाय एकही आकडा घरी न्यायचा नाही. रुग्णांची नावं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फोन नंबर यांना हातही लावायचा नाही. तुला फक्त औषध, तारीख आणि नग हवेत. बाहेर कुणाला दाखवताना औषधांची नावं काढून ‘अ’, ‘ब’, ‘क’ लिही आणि दुकानाची एकूण उलाढाल कळेल असं काही ठेवू नकोस. इथे काळजी घेणारी मुलगी पुढे लोकांची माहिती हाताळायला लायक आहे, हेही त्यातून दिसतं.

सहा-आठ आठवड्यांनी एक पान लिही. एकच. अडचण काय होती, तू काय केलंस, काय बदललं आणि कुठे चुकलीस. ‘कुठे चुकलीस’ हा भाग गाळायचा मोह होईल, गाळू नकोस. ज्यानं खरंच काम केलंय त्याच्याकडे चुकांची गोष्ट असतेच. आणि बायोडेटात ‘दुकानात मदतनीस’ असं ओशाळून लिहिण्याऐवजी असं लिही: ‘औषध दुकानात अर्धवेळ काम, दीड वर्ष. बिलं, मालाची नोंद, मुदतीनुसार मांडणी. वीस औषधांच्या आठ आठवड्यांच्या विक्रीवरून, किती उरलं की माल मागवायचा ती पातळी ठरवली; मालकांनी त्यांपैकी इतक्या औषधांसाठी ती वापरली.’ ‘इतक्या’च्या जागी खरा आकडा घाल, मग तो तीन का असेना. फुगवलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला फुटतो.

दुकान सोडू का, या प्रश्नाचं माझं उत्तर एव्हाना तुला कळलं असेल. पण इथे मला थोडं सावध राहायचंय. आठवड्याला अठरा तास ही लहान गोष्ट नाही. परीक्षेच्या महिन्यात तुझी ओढाताण होते असं तू लिहिलंयस आणि ते मी नजरेआड करणार नाही. पदवीचा अभ्यास बुडवून मिळवलेला अनुभव महागात पडतो, कारण तुझ्या क्षेत्रात विषयाची समज कच्ची असेल तर पुढचं सगळं डळमळतं. म्हणून सोडणं आणि न सोडणं यांच्यामधली वाट बघ. मालकांशी बोल. सहाऐवजी पाच दिवस येऊ का? त्या पाचांतल्या एका दिवशी बिलांऐवजी मालाच्या नोंदीचं काम मिळेल का? दीड वर्ष वेळेवर येणारी मुलगी त्यांनाही सहज मिळत नाही. एका दिवसाचे पैसे कमी झाले तर घरी चालेल का, हे मात्र घरी बसूनच ठरव. तो निर्णय मी इथून घेऊ शकत नाही आणि कुणी घेऊही नये.

आता त्या चाळीस अर्जांकडे येऊ. तू सोबत पाठवलेला अर्ज मी वाचला. तो चाळीसही ठिकाणी तोच गेलाय, वरचं नाव तेवढं बदलून. ‘मी मेहनती असून मला शिकण्याची आवड आहे.’ हे खरंच आहे, पण ते वाचणाऱ्याला तू कोण हे कळत नाही आणि तुला काय काम द्यावं हेही सुचत नाही. शिवाय मोठ्या संस्था सुट्टीतल्या जागा कित्येक महिने आधी भरतात. तुझे निम्मे अर्ज पोहोचले तेव्हा दार आधीच लागलेलं असणार. म्हणजे चाळीस वेळा तुला कुणी नाकारलंय असं नाही. बहुतेकांनी तुला पाहिलंच नाही.

नोकरीवर घेताना माणूस कसा पारखावा, यावर संशोधन खूप झालंय. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी ८५ वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. उमेदवाराकडून प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतला, तर त्याच्या पुढच्या कामगिरीशी त्याचा सहसंबंध ०.५४ निघाला, अनुभवाची नुसती वर्षं मोजली तर ०.१८. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे आकडे पुन्हा तपासले आणि बरेचसे खाली आणले, पण अनुभवाची वर्षं तेव्हाही तळाशीच राहिली. सहसंबंध म्हणजे काय हे तुला समजवायची गरज नाही; इतरांसाठी एवढंच: ० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ. तू सव्वा वर्ष कमी पडेल म्हणून घाबरली आहेस. इथे तर वर्षांनाच फारसं वजन नाही. दाखवता येईल असं एक काम तुझ्या हातात असलं, तर तुझी बाजू तुला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

म्हणून पुढच्या महिन्यात चाळीस अर्ज करू नकोस. पाच कर. तेही संस्थेला नको, माणसाला लिही आणि त्या माणसाचं काम काय आहे हे आधी वाचून लिही. साधारण असं:

‘नमस्कार. मी सांख्यिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी औषधांच्या दुकानात काम करते. तिथल्या विक्रीवरून माल कधी मागवायचा याचं गणित मी मांडलं. माल संपलेल्या दिवशीची खरी मागणी कशी धरायची, यावर अडले आहे. तुम्ही पुरवठ्याच्या नियोजनात काम करता असं वाचलं. तुमच्याकडे हा प्रश्न कसा सोडवतात, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं मिळतील का? एका पानाची टिपणी सोबत जोडली आहे.’

यात नोकरी मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. प्रश्न विचारलाय. आपल्या कामातला खरा प्रश्न कुणी विचारला की बोलायला बहुतेकांना आवडतं. पाचांतल्या दोघांनी उत्तर दिलं तरी पुष्कळ झालं. बोलणं संपताना एवढंच विचार: ‘या क्षेत्रात शिकणाऱ्या मुलीला लहानसं काम कुठे मिळू शकतं, आणि मी आणखी कुणाशी बोलावं?’ त्या दिवशीच आभाराचे दोन शब्द पाठव आणि त्यांनी सुचवलेलं काही केलंस तर महिन्याभरानं ते कळव. हे शेवटचं फार कमी मुलं करतात.

आणि ओळखींबद्दल. ‘त्यांच्या ओळखी आहेत, माझ्या नाहीत,’ या वाक्यातली कळ मला समजते. घरात कुणीच त्या जगातलं नसलं की दार कुठल्या बाजूला आहे हेही माहीत नसतं, आणि हा अन्याय खराच आहे. तो नाही असं मी म्हणणार नाही. पण ओळख म्हणजे मामा-काका मोठ्या पदावर असणं, एवढीच तुझी कल्पना असेल तर ती तपासून बघ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं होतं, ज्यांच्याकडून ही नोकरी कळली ते तुम्हाला किती वेळा भेटतात? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं; लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांच्या माहितीवर हाच विचार पुन्हा तपासला गेला आणि तिथेही बेताच्या, जुजबी ओळखीच नवी नोकरी मिळायला जास्त उपयोगी ठरल्या.

आता तुझ्या काउंटरसमोर कोण कोण उभं राहतं ते आठव. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. घाऊक माल पुरवणाऱ्यांची माणसं. बिलाच्या सॉफ्टवेअरचा बिघाड दुरुस्त करायला येणारा तंत्रज्ञ. औषध कंपनीत विक्रीचे आकडे बघणारा विभाग असतो, घाऊक पुरवठादाराकडे मालाचं नियोजन असतं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना दुकानदारांच्या अडचणी कळायला हव्या असतात. ही सगळी तुझ्या विषयाची दारं आहेत आणि त्यांतली माणसं तुला दीड वर्ष बघताहेत. त्यांच्याकडे लगेच काही मागू नकोस. गर्दी नसेल तेव्हा विचार, तुमच्याकडे हे आकडे कोण बघतं?

कॉलेजातही एक दार आहे, आणि तुझ्यासारख्या शांत मुली ते वाजवत नाहीत. तुमच्या विभागात कुणीतरी संशोधन करत असेलच. त्यांच्याकडे जाऊन ‘आठवड्याचे तीन तास देते, माहिती तपासायचं काम असेल तर सांगा’ एवढंच म्हण. काम कंटाळवाणं असेल, आकड्यांच्या ओळीच्या ओळी तपासाव्या लागतील. पण १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल ही पीएचडीची विद्यार्थिनी असंच काम करत होती. रेडिओ दुर्बिणीतून रोज सुमारे तीस मीटर लांबीचा कागद बाहेर पडायचा आणि तो तिला डोळ्यांनी तपासावा लागायचा. त्यात एक बारीकशी खूण तिला कुठल्याच ओळखीच्या प्रकारात बसेना. ती तिनं सोडून दिली नाही आणि तिथून पल्सार, म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे, सापडले. त्या दुर्बिणीच्या उभारणीतही तिनं स्वतः अंगमेहनत केली होती, म्हणून यंत्राची गडबड कुठली आणि आकाशातली खूण कुठली, हे तिला कळत होतं. तुझ्या दोन प्रकारच्या शून्यांची गोष्ट याच जातीची आहे.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्याकडे असं दुकान नाही, त्यांच्यासाठी थोडं. खोळंब्याचाच प्रश्न घेऊन आजूबाजूला बघा. कॉलेजच्या महोत्सवात नुसतं ‘समितीत’ असण्यापेक्षा हिशेब अंगावर घ्या. खर्च जुळला नाही तर सगळे तुमच्याकडेच येतील, तिथेच शिकायला मिळतं. संगणकाच्या मुलांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि सुधारता येतो अशा, एखाद्या प्रकल्पात आधी माहितीपुस्तिकेतली चूक दुरुस्त करावी, मग लहानसा दोष. तुमचा बदल तिथले अनोळखी लोक तपासतात, परत पाठवतात, पुन्हा करायला लावतात. शिक्षण त्या परत पाठवण्यात आहे. २००५ पासून चालणारा गुगल समर ऑफ कोड हा उपक्रम याच कामाला मार्गदर्शक आणि मानधन देतो. भूगोलाच्या मुलांनी ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला जगाचा खुला नकाशा बघावा: २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून रस्ते नकाशावर काढले आणि मदत पथकांनी ते नकाशे वापरले. भाषेच्या मुलांना भाषांतर, मुद्रितशोधन, मुलाखतींचं लेखन अशी कामं मिळतात, फक्त ती कुणाला तरी हवी असली पाहिजेत. आणि कोणत्या क्षेत्रात जायचं हेच ठरत नसेल, तर आधी त्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाबरोबर एक आख्खा दिवस सावलीसारखे राहा. हे आपलं काम नाही, असं त्या दिवसात कळलं तरी दिवस सार्थकी लागला.

बिनपगारी कामाबद्दल माझं मत कडक आहे. स्वयंसेवी कामात पैसे नसतात, ते ठीक. पण जिथे तुमच्या कामावर कुणी पैसे कमावतं आणि तुम्हाला फक्त ‘अनुभव’ मिळतो, तिथे किमान तीन गोष्टी लेखी घ्या: काम काय, किती आठवडे, आणि कोण शिकवणार. मुदत संपली की उठा. ज्याच्या घराला त्याच्या कमाईची गरज आहे, त्यानं अशा कामासाठी पगाराचं काम सोडू नये.

तुझ्याकडे परत येते. मैत्रिणींना दुकानाबद्दल सांगायचं की नाही, हे तू थेट विचारलेलं नाहीस, पण पत्रात ते दोनदा आलंय. सगळ्यांना सांगायची सक्ती नाही. एकीला सांग, जिच्याशी तुझं पटतं तिला. तिच्यासमोर या कामाबद्दल मोठ्यानं बोलायची सवय झाली की मुलाखतीत अनोळखी माणसासमोर आवाज बसणार नाही.

उद्या संध्याकाळी दुकानात गेलीस की एक साधी वही घेऊन काउंटरच्या आतल्या बाजूला ठेव. गिऱ्हाईकानं मागितलं आणि दुकानात नव्हतं, अशा प्रत्येक औषधाचं नाव, तारीख आणि वेळ तिच्यात लिहायची. मालकांना आधी विचार, वही कशासाठी ते सांग. दोन आठवड्यांनी ती पानं समोर घेऊन मला पुन्हा लिही. मग पुढचं गणित कुठे अडतंय ते बघू.

तुझी,
ताई